वेताळाचा प्रश्न आणि इंदूरचा मराठी वाचक

१८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली आणि पेशवाईच्या काळापासून माळव्यात येत राहिलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती या शहरात दाट होत गेली. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने येथे भरली. तरीही येथील वाङ्मयीन अभिरुचीचा विचार करताना काव्य, नाटक आणि संगीत यांनाच मान मिळतो आणि भयकथा हे फावल्या वेळचे वाचन समजून बाजूला ठेवले जाते. ही उपेक्षा अन्यायाची आहे, कारण भयकथा ऐकणाऱ्याने तिला कसा प्रतिसाद द्यावा हा प्रश्न ज्या कथाचक्राच्या गाभ्याशीच आहे, ती वेताळपंचविशी लोकपरंपरेने इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवरील उज्जैनच्या विक्रमराजाशी जोडलेली आहे.

या कथाचक्राचा मराठी मुलखाशी संबंध उज्जैनशी असलेल्या नात्याहून जुना आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी कवी सोमदेव याच्या ‘कथासरित्सागरा’त हा राजा उज्जैनचा नसून गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे. अर्वाचीन मराठी गद्य नुकते आकार घेत असताना, १८३० मध्ये, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. पैठण ते उज्जैन हा कथेतील राजाचा प्रवास आणि दक्षिणेतून माळव्यात आलेल्या कुटुंबांचा प्रवास यांची दिशा एकच आहे. हा योगायोग असला तरी इंदूरच्या वाचकाला ही कथा दोन्हीकडून आपली वाटावी, एवढे बळ त्यात नक्कीच आहे.

कथेची रचना अशी, की राजा स्मशानातील झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर घेतो, त्या प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी पेच टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल आणि बोलला तर मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जाईल. श्रोत्याचा प्रतिसादच येथे कथानक पुढे नेतो. अखेर एका पेचाला राजापाशी उत्तरच नसते, तो खरोखर निःशब्द होतो, आणि तेव्हाच प्रसन्न झालेला वेताळ त्याला प्रेत आणायला धाडणाऱ्या भिक्षूचे कपट उघड करतो.

मराठी मुलखात, विशेषतः कोकणात, वेताळ हा केवळ भय घालणारा पिशाचराज नाही. सिंधुदुर्गातील आरवलीचा वेतोबा गावाची राखण करतो, रात्री फिरताना त्याची पादत्राणे झिजतात अशी श्रद्धा असल्याने भक्त त्याला मोठ्या चपला वाहतात. ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच रक्षण मागण्याची ही वृत्ती मराठी भयकथेच्या वाचकात खोल रुजलेली दिसते.

संस्कृत काव्यशास्त्राने कलेतील भयाच्या अनुभवाला भयानक रस म्हटले. ‘भय’ हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मनात मुळातच असलेली भावना. अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’च्या आरंभी बाणाच्या धाकाने पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेऊन दाखवले, की ते भय ना हरणाचे राहते ना प्रेक्षकाचे, स्थळकाळाची बंधने गळून ते आस्वाद्य होते, आणि यालाच साधारणीकरण म्हणतात. उज्जैनची क्षिप्राकाठची स्मशाने आणि कालभैरवाचे देऊळ पाहिलेल्या वाचकाच्या बाबतीत मात्र स्थळाचे बंधन इतक्या सहज गळत नाही, आणि त्यामुळे रसभंग न होता रस गडद होतो, असे मानायला जागा आहे.

विसाव्या शतकात नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी भयकथेच्या मराठी वाचकाला दोन वेगळ्या वाटांनी नेले. धारपांचा ‘समर्थ’ आध्यात्मिक सामर्थ्याने अमंगल शक्तीचे निवारण करतो. स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली ‘लुचाई’सुद्धा धारपांनी मराठी घरादारात रुजवली. मतकरींची गूढकथा, म्हणजे उकल न होणाऱ्या घटनेभोवती आणि मनाच्या अंधाऱ्या भागाभोवती फिरणारी कथा, वाचकाला असा रक्षक सहसा देत नाही. धारपांच्या वाचकाला भाबडा आणि मतकरींच्या वाचकाला प्रौढ ठरवण्याची समीक्षेतील सवय सोडायला हवी: पहिला वेतोबापुढे उभा आहे, दुसरा उत्तर न सापडलेल्या राजाच्या जागी, आणि इंदूरच्या मराठी घरात दोन्ही परंपरा एकाच कपाटात मावतात. २०१८ च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाने धारपांच्या ‘आजी’ या कथेचा धागा हिंदीभाषक प्रेक्षकांपर्यंत नेला, तेव्हा माळव्यातल्या मराठी वाचकाला परिचयाचे असलेले हे भय त्याच्या हिंदी शेजाऱ्यालाही खुले झाले.