आधी उतरवून घ्यावे

मराठीत ‘उतरवणे’ हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. आपण गाडीवरचे सामान उतरवतो आणि जुनी पोथीही उतरवून घेतो. सामान उतरवले म्हणजे ते नुसती जागा बदलते. पोथी उतरवून घेतली म्हणजे मूळ पोथी जागच्या जागी राहून तिची दुसरी प्रत जन्माला येते. कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावरचे चित्रण संगणकावर उतरवताना आपण या दोहोंपैकी नेमके काय करतो, हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. घरोघरची लग्ने, मुंजी, बारशी आणि वडीलधाऱ्या माणसांचे बोलणेचालणे गेली कित्येक वर्षे या नखाएवढ्या कार्डांवर साठत आले आहे. माझे आयुष्य जुन्या कागदांच्या रुमालांत गेले. मूळ कागद आणि त्याची नक्कल यांतला भेद पाहण्याची त्यामुळे मला सवय लागली. त्याच सवयीने चलच्चित्राच्या इतिहासाकडे थोडे पाहावे, असे मनात आले.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिए बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखवण्यात आली. तिकीट एक रुपया होते. प्रत्येक चित्र मिनिटभराच्या आतच संपे. मूठ फिरवली की चित्रण सुरू आणि फीत संपली की चित्र समाप्त, असा सगळा मामला असल्यामुळे कापाकापीला तेथे जागाच नव्हती. ते खेळ पाहून आपल्या सावेदादांना, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांना, तो नाद लागला. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधल्या एका कुस्तीचे चित्रण केले. फीत धुण्यासाठी पुन्हा लंडनलाच पाठवावी लागली! रँग्लर परांजपे १९०१ साली केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनीच केले. यांतले आज पाहायला काही उरले नाही. कुस्ती झाली, स्वागत झाले, चित्रणही झाले, एवढे आपण वाचतो आणि पान उलटतो.

पुढे दादासाहेब फाळके आले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्या काळी कोरी फीत कडेला भोके न पाडताच येई. ती भोके अंधारात बसून पाडण्याचे कष्टाचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. फीत हाताने धुवायची, हाताने कापायची, हाताने जोडायची. इतक्या कष्टाने उभारलेल्या त्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे आज उपलब्ध आहेत; आणि तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. पुण्यातल्या आपल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली १९६४ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अर्धशतकाने. तोवर जे गेले ते गेले. फिती पेट घेणाऱ्या रसायनाच्या होत्या आणि त्या जपून ठेवण्याची बुद्धी उशिरा आली.

फितीनंतर चुंबकीय टेप आली. अँपेक्स या अमेरिकन कंपनीने १९५६ साली टेपवर चित्र उमटवून दाखवले. टेपचा मोठा गुण असा की ती पुसून पुन्हा वापरता येते, आणि तोच तिचा मोठा दोष ठरला. बीबीसीने आपल्या कितीतरी जुन्या कार्यक्रमांच्या टेपा पुसून त्यांवर नवे कार्यक्रम मुद्रित केले. त्याहून चमत्कारिक प्रकार नासाचा. मनुष्य चंद्रावर प्रथम उतरला त्या १९६९ सालच्या क्षणाचे, चंद्रावरून थेट आलेले चित्रण ज्या टेपांवर होते, त्या टेपांच्या टंचाईच्या काळात बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाने २००९ साली सांगितले. आज आपण पाहतो ती चित्रे दूरदर्शन प्रक्षेपणावरून जपल्या गेलेल्या प्रतींची आहेत. एवढ्या मोठ्या संस्थेच्या हातून जे घडले, ते आपल्या घरात घडणार नाही असे कोणी म्हणावे?

तरी घरगुती कॅसेटच्या काळात एक गोष्ट बरी होती. १९८३ साली कॅमेरा आणि टेपयंत्र एकाच पेटीत आले, आणि पुढे लग्नमंडपातल्या प्रखर दिव्यांच्या उजेडात शूटिंग होऊ लागले. १९९५ नंतर लहान डिजिटल कॅसेट आली. तिच्यावरचे तासाभराचे चित्रण संगणकावर उतरवायला तासच लागे आणि संगणकात सुमारे १३ जीबी जागा जाई. लोक कंटाळत. परंतु उतरवून झाले तरी कॅसेट महाग नसल्यामुळे सहसा कोणी ती पुसत नसे. मूळ प्रत नकळत कपाटात राही.

मेमरी कार्डाने ही नकळत होणारी राखण संपवली. कार्डातल्या चिपेची कल्पना जपानमधल्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली मांडली. तिला ‘फ्लॅश’ हे नाव कसे पडले, ती कथा मला अर्थपूर्ण वाटते. या चिपेतली माहिती एका झटक्यात पुसली जाते हे पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा लखलखाट आठवला, आणि त्याने हे नाव सुचवले. म्हणजे या वस्तूचे नाव साठवण्यावरून पडले नाही, पुसण्यावरून पडले! एसडी कार्ड १९९९ साली निघाले; सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली ‘एव्हीसीएचडी’ ही पद्धत जाहीर केली, आणि घरगुती कॅमेऱ्यांतून कॅसेट हळूहळू हद्दपार झाली. १६ जीबीच्या कार्डावर चांगल्या प्रतीचे दोनएक तासांचे चित्रण मावे. कार्ड भरले की संगणकावर उतरवायचे, पुसायचे आणि पुढच्या समारंभाला तेच न्यायचे, हा परिपाठ झाला. चित्रणाची मूळ प्रत पुसणे हा पूर्वी अपघात असे. आता तो रोजच्या कामाचाच भाग झाला.

माझ्या परिचयाच्या एका घरातली हकीकत सांगतो. नातीच्या लग्नात आजींनी स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हटली. पुढे चित्रण करणाऱ्याने तीन तासांतून चाळीस मिनिटांची सुबक फिल्म करून दिली आणि अंतरपाटाच्या प्रसंगावर सनईची धून चढवली. सगळ्यांना ती फार आवडली. दोन वर्षांनी आजी गेल्या. तेव्हा घरच्यांनी मूळ चित्रणाची चौकशी केली. ते कार्ड पुसून कितीतरी लग्नांना वापरून झाले होते. आज त्या फिल्ममध्ये आजींचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू येते ती सनई. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. त्याने आपले काम चोख केले होते. मूळ चित्रण मागून घ्यावे हे कोणाला सुचले नाही, इतकेच.

म्हणून उतरवून घेण्याचे काम पोथी उतरवणाऱ्या लेखकाच्या निष्ठेने करावे. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी लिहून ठेवीत, की जसे पाहिले तसे उतरवले. या कार्डांच्या बाबतीत ‘जसे पाहिले तसे’ याला नेमका अर्थ आहे. एव्हीसीएचडी कार्ड उघडले की एकात एक बसवलेले फोल्डर दिसतात आणि अगदी आतल्या ‘स्ट्रीम’ नावाच्या फोल्डरमध्ये चित्रणाच्या फायली असतात. घाईत कोणी तेवढ्याच उचलतो. परंतु कार्डाच्या रचनेमुळे एक फाईल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. लांब चित्रण कॅमेरा आपणच तुकड्यांत तोडतो, आणि कोणता तुकडा कोणाला जोडायचा याची नोंद शेजारच्या फोल्डरांत ठेवतो. ती नोंद टाकून दिली तर जोडावर एखादा शब्द गळू शकतो. तेव्हा सारे फोल्डर जसेच्या तसे घ्यावेत, फायलींची संख्या व आकार ताडून पाहावेत, चार ठिकाणी चालवून पाहावे, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करावी, आणि मगच कार्ड पुसण्याचा विचार करावा.

आता कातरण्याविषयी. आपल्या सिनेमावाल्यांनी या कामाला ‘संकलन’ म्हटले, याचे मला कौतुक वाटते. काम कापण्याचे, नाव गोळा करण्याचे! संगणकावरच्या संकलनात मूळ फायलीला कात्री लागतच नाही. अमुक फाईल, अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत, अशी एक यादी तेवढी तयार होते. मूळ फायली पुसल्या तर ती यादी जळलेल्या दफ्तराच्या सूचीसारखी उरते. शेवटी यादीवरून जी फिल्म तयार होते, तीत चित्र पुन्हा लिहिले जाते आणि बहुधा थोडे पुसट होते. मुळातच या पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पुरते लिहितात आणि मधल्या चित्रांत शेजारच्यांहून काय बदलले एवढेच नोंदवतात. ‘बाकी मजकूर मागील पत्री लिहिलाच आहे’ असे सांगणाऱ्या जुन्या पत्रासारखे ते असते. मागील पत्र हरवले की हे पत्र मुके.

याचा अर्थ संकलन करू नये असा मुळीच नाही. तीन तासांचे लग्न पुन्हा कोण पाहणार? पाहुण्यांना चाळीस मिनिटेच बरी. परंतु आपल्या इतिहासकारांनी घालून दिलेला क्रम विसरू नये. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो वाईस सापडलेल्या अस्सल पत्रांचा. सरदेसायांनी मराठी रियासत लिहिली, मग पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादले, आणि त्यानंतर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत पुन्हा नव्याने लिहिला. कागद शिल्लक होते म्हणून तो पुन्हा लिहिता आला. लग्नाची चाळीस मिनिटांची फिल्म ही आपल्या घरची रियासत. तीन तासांचे चित्रण ही साधने. आज ज्या गोष्टी आपण कंटाळवाण्या म्हणून गाळतो, म्हणजे पंगतीतला आग्रह, मागे कोणीतरी मारलेली हाक, मांडवातल्या मुलांचा गोंधळ, त्यांच्यासाठीच उद्या नातवंडे ते चित्रण शोधतील.

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या खणात एखादे जुने कार्ड हाती लागण्याचा संभव आहे. ते पुन्हा खणात टाकू नये. त्यातली माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने असते आणि तो भार वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपून जातो. सुट्टीत घरातली तरुण मुले जमतील, तेव्हा त्यांच्याकडून ते सबंध उतरवून घ्यावे, दुसरी प्रत बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवायला द्यावी, आणि फायलींवर समारंभाचे नाव, वर्ष व त्यात दिसणाऱ्या माणसांची नावे घालावीत. ती माणसे ओळखणारे कोणी घरात आहे, तोवरच हे काम उरकावे.