आज्ञापत्रांची पारख



इतिहासाच्या व्याख्यानात संगणकाचा विषय आला म्हणून आपण दचकू नये. विषय जुनाच आहे. आपण समोर नसताना आपले काम दुसऱ्याने नीट करावे, यासाठी कागदावर काय लिहावे आणि ते चांगले लिहिले गेले की नाही हे कसे ओळखावे, एवढाच हा प्रश्न आहे.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्यास मदत करणारा गिटहब कोपायलट 2021 साली लोकांपुढे आला. तेव्हा तो बहुधा अर्धी ओळ पुरी करून देई. 2025 साली क्लॉड कोड, कोडेक्स यांसारखे साहाय्यक आले, ते सबंध कामच अंगावर घेऊ लागले. मात्र काल काय बोलणे झाले हे अशा साहाय्यकाला सहसा आठवत नाही. रोज सकाळी नवा सालदार वाड्याच्या दारात उभा राहावा, तशी ही गोष्ट आहे. म्हणून कामाच्या दप्तरातच त्याच्यासाठी एक सूचनापत्र ठेवण्याची रीत पडली. 'क्लॉड डॉट एमडी', 'एजंट्स डॉट एमडी' अशी त्याची नावे. काम हाती घेण्यापूर्वी साहाय्यक हे पत्र वाचतो. ते बरे की वाईट, हे कोणी आणि कशाने ठरवावे?

आमच्या मते याचा पहिला धडा चिपळुणास मिळतो. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजीमहाराजांनी चिपळूण भागातील लष्कराच्या छावणीस पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळा तोंडावर होता, दाणागवत मोजके होते. 'शिस्तीने वागा' एवढे लिहून महाराज थांबले नाहीत. आताच दाणा मनमानेल तसा उडवाल, तर पावसाळ्यात तो मिळणार नाही. मग घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरून धान्य, लाकूड, भाजी उचलू लागाल, आणि रयतेला मोगल परवडले असे वाटेल. कार्यकारणाची ही सबंध साखळी त्यांनी लिहून दाखविली. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, येथपर्यंत त्यांची नजर गेली आहे.

यातून दोन कसोट्या निघतात. सूचना इतकी नेमकी हवी की ती पाळली की मोडली हे तिसऱ्या माणसाला सांगता यावे. दिवा विझला की नाही हे पाहता येते; 'सावध राहा' हे पाहता येत नाही. दुसरे असे की, सूचनेबरोबर कारण हवे. ज्याला कारण कळले तो चिलमीच्या ठिणगीचीही काळजी घेईल, मग तिचा उल्लेख पत्रात असो वा नसो. संगणकाच्या साहाय्यकालाही 'उत्तम काम कर' असे लिहून काही साधत नाही. 'अमुक चाचणी चालवून ती उतरल्यावरच काम संपले म्हण' असे लिहिले, तर काही साधते.

दुसरा धडा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा. 1715-16 च्या सुमारास लिहिलेला हा ग्रंथ. आरमारासाठी लाकूड हवे, तरी रयतेच्या आंब्याफणसास हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. आणि जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. नियम, कारण आणि अपवाद तिन्ही येथे एकत्र आहेत. लेखन म्हणून यात उणे काढणे कठीण. पण त्याच ग्रंथात जमिनी इनाम देऊन राज्याचा वसूल घटवू नये असाही इशारा आहे. आणि पुढच्या काळात इनामे व सरंजाम वाढतच गेले! तो दोष सगळा कागदाचा नव्हे. पण कागदाची थोरवी आणि कागदाचा परिणाम या दोन गोष्टी आहेत. पत्र वाचून 'वा!' म्हणणे ही पारख नव्हे.

मग परिणाम मोजावा कसा? आपल्या वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगावे लागणार नाही. पीक किती आले हे पूर्वी गावकामगार नजरेने ठरवीत, त्याला आणेवारी म्हणत. नजर माणसाची, ती कधी वरच्या साहेबाकडे, कधी गावाकडे झुके. 1940 नंतरच्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीककापणीच्या प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. शेत चिठ्ठी टाकल्यासारखे निवडावे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखावा, तेवढे पीक कापून, मळून, तोलावे. पाटलाने दाखविलेले शेत घेऊ नये.

सूचनापत्राचीही अशीच कापणी करावी. पूर्वी झालेल्या खऱ्या कामांतून काही कामे चिठ्ठीने निवडावीत. तीच कामे साहाय्यकाला एकदा पत्र देऊन आणि एकदा पत्राविना सांगावीत. आणि प्रत्येक खेपेस त्याचे उत्तर सारखे येत नाही, म्हणून हे पुनःपुन्हा करावे. निकाल त्याने न पाहिलेल्या चाचण्यांवर लावावा, खर्चही मोजावा. मग एकेक वाक्य काढून पाहावे. फरक पडत नसेल तर ते वाक्य तण समजून निंदून टाकावे, कारण लांब पत्रात कामाचे वाक्य हरवते. जुने झालेले वाक्य तर त्याहून वाईट. मृगाच्या बहाराचा ताण आंबियाच्या वेळी दिला, तर संत्र्याच्या बागेचे काय होते हे मोर्शीला आम्ही काय सांगावे?

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. चिपळूणच्या पत्रात ज्याची काळजी वाहिली आहे तो कुणबी ते पत्र लिहिणारा नव्हता, वाचणाराही नव्हता. छावणीची चूक मात्र त्याच्या कणगीवर आली असती. आज बाजारातील वजनाचा हिशेब, दवाखान्यातील औषधाची मात्रा, बँकेतील खाते हे सारे प्रोग्रॅमवर चालते. त्यात चूक राहिली तर ती सोसणाराही असाच तिसरा माणूस असतो. त्याने ते पत्र कधी पाहिलेले नसते. म्हणून पारख करताना त्या माणसाला समोर बसवावे, एवढीच आमची विनंती आहे.