निळीची कुळकथा

दिवाळीआधी चुन्याच्या बादलीत चिमूटभर टाकायची ती जुनी निळीची पूड आणि अजिंठ्याच्या भिंतीवरचा गहिरा निळा, दोघांचं कूळ एकच. नाव मात्र चकवणारं आहे. नीळ मुळात झाडाची, ही पूड दगडाच्या घराण्यातली.

तो दगड लाजवर्द, संस्कृतात राजावर्त. त्याच्या खाणी अफगाणिस्तानात, बदख्शानमधल्या सर-ए-संगला. अजिंठ्याच्या चित्रकारांना गेरू, पिवळी आणि हिरवी माती दख्खनच्या काळ्या खडकांच्या मुलखात मिळाली, काळा रंग काजळीतून आला. पाचव्या शतकात निळ्यासाठी मात्र हिंदुकुशापर्यंत हात पोचवावा लागला. या एका रंगासाठी केलेला तो आटापिटा मला थक्क करतो.

लाजवर्द नुसता कुटला तर राखट पूड हाती येते, कारण निळ्यासोबत पांढरं कॅल्साइट आणि पायराइटही दळलं जातं. त्यावरची युक्ती इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने 1400च्या सुमारास लिहून ठेवली. वस्त्रगाळ पूड राळ, रुमी मस्तकी आणि मेणात मिसळून गोळा करायचा, निदान तीन दिवस तीन रात्री तो मुरवायचा, रोज मळायचा. मग राखेच्या कोमट खाऱ्या पाण्यात दोन काठ्यांनी दाबत राहायचं. निळे कण पाण्यात उतरतात, गाळ गोळ्यातच अडकतो. पहिल्या पाण्याचा रंग सर्वांत गडद, शेवटी उरते ती फिकट करडी ‘राख’. समुद्रापलीकडून येणारा म्हणून हा अल्ट्रामरीन.

1824 साली फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी 6,000 फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं. 1828 साली ते झाँ-बाप्तिस्त गिमे याला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून हा रंग होऊ लागला. निळेपणा गंधकाचा. चुन्यात तो टिकतो, पण आम्ल पडलं की फिका होऊन सडक्या अंड्यासारखा वास सोडतो. रंग स्वस्त झाला आणि धुण्याच्या बादलीत उतरला.

आजही त्या पुडीचा जलरंग घरी करता येतो. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळायचा, थेंबभर मध घालायचा आणि त्यात अल्ट्रामरीनची पूड काचेवर घोटायची. खरखर थांबेपर्यंत घाई करू नये. भट्टीतल्या पुडीचे कण बारीक, एकसारखे; दगडातले लहानमोठे, टोकदार. म्हणून अस्सल लाजवर्दाचा हात कागदावर सपाट दिसत नाही, आत कुठेतरी हलल्यासारखा वाटतो. मला तोच निळा अधिक प्रिय आहे.