न्हावा, मुरूड, आंबेत : वजीफ्याची वाट

शिष्यवृत्ती म्हटली की आपल्या मोहल्ल्यांत दोनच गोष्टी आठवतात : कुणा शेठची मेहरबानी, नाहीतर कचेरीतले हेलपाटे. तिलाही इतिहास आहे आणि तो आपल्याच रायगड किनाऱ्यावरून गेला आहे, याची जाण फारशी नाही.

१८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने मुसलमान मुलांसाठी प्राथमिक शाळेपासून कॉलेजपर्यंत चढत्या क्रमाने खास शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, अशी शिफारस केली. पण ती वाचून समजावून सांगणारे आपल्या गावांत होते किती?

१९०६ साली अतिया फैजी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या, तेही शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला! त्यांची बहीण नाझली बेगम म्हणजे मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम. वर्षभरातच प्रशिक्षण अपुरे ठेवून अतियांना परतावे लागले. पण तिथली त्यांची रोजनिशी १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने उर्दूत पुस्तकरूपाने आली. आम्हा बी.एड. झालेल्यांना याचा अभिमान वाटतो. मात्र हेही विसरता येत नाही, की त्या तय्यबजी घराण्यातल्या होत्या. इल्म त्यांच्या घरातच होते. त्याच मुरूडच्या खलाशाच्या लेकीला ही वाट कुणी दाखवली असती?

खलाशाच्या मुलाचा विचार न्हाव्याला झाला. जहाजांच्या धंद्यातले सर मोहम्मद युसूफ यांनी १९१० मध्ये तिथे नाविक प्रशिक्षणाची संस्था काढली; 'ट्रेनिंग शिप रहमान' ती हीच. १९१४ मध्ये त्यांनी मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारला ८ लाख रुपये दिले. त्यातून जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज उघडले ते १९३० मध्ये. पैसा हातात होता, तरी सोळा वर्षे गेली. एवढ्या काळात एक अख्खी पिढी शाळेच्या वयातून निघून जाते.

पुढे २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय स्थापन झाले आणि त्याचे पहिले मंत्री झाले आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल संसदेत आला. २००७-०८ पासून मॅट्रिकोत्तर आणि व्यावसायिक शिक्षणासाठी 'मेरिट-कम-मीन्स' शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. मॅट्रिकोत्तरची अट ५० टक्के गुण आणि घरचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत. ३० टक्के वाटा मुलींचा. आमच्या मते खरा बदल इथे झाला. आता घराणे किंवा शेठची ओळख लागत नव्हती. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका पुरेशी होती. मेहरबानीचा हक्क झाला.

हक्क झाला, तरी तो पदरात पडायला कागद लागतो. मुलीचे नाव शाळेत उर्दूवरून एका तऱ्हेने लिहिलेले, आधारवर दुसऱ्या, बँकेच्या पासबुकावर तिसऱ्या. अशा एका अक्षरापायी परत आलेले अर्ज आम्ही पाहिले आहेत. हुशारीत त्या मुली कमी नव्हत्या. वेळेवर नाव दुरुस्त करून घेणारे कुणी नव्हते. त्यात आम्ही शिक्षकही आलो.

आणि हक्क मिळाला म्हणून तो टिकतोच असे नाही. २०२२-२३ पासून पहिली ते आठवीची केंद्रीय शिष्यवृत्ती बंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचे सरकारने सांगितले. २०२४ मध्ये मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशनही गुंडाळण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध बोलले पाहिजेच. पण उघड्या दारांकडे पाठ फिरवून चालणार नाही. जुलै २०२४ च्या राज्याच्या निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी, की प्रवेश सरकारी केंद्रीभूत फेरीतून हवा. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. तरी जातीचा दाखला काढायची आठवण होते ती बारावीचा निकाल लागल्यावर!

म्हणून आमची विनंती साधी आहे. प्रत्येक जमातीने नववीपासूनच मुलामुलींची नावे, दाखले, पासबुके तपासून घ्यावीत. जुम्म्याच्या नमाजनंतर अर्ध्या तासासाठी एक टेबल मांडावे. फॉर्म भरून द्यायला आम्ही शिक्षक बसू. पैसा येऊनही सोळा वर्षे वाट पाहणे पुन्हा परवडणारे नाही.