नॉर्वेची स्वारी व एक प्रवासदर्शिका

इ. स. १९४० च्या फेब्रुवारीच्या २१ व्या तारखेस हिटलरनें जनरल फॉन फाल्केनहॉर्स्ट यास बर्लिन येथें बोलावून नॉर्वेवरील स्वारीचें आधिपत्य सांगितलें, आणि सायंकाळीं पांच वाजतां ढोबळ मसुदा घेऊन येण्याची आज्ञा केली. सन १९१८ मध्यें फिनलंडांत लढल्याचा अनुभव सेनापतीच्या गांठीं होता; नॉर्वेची माहिती मात्र नव्हती. तेव्हां त्यानें बेडेकरची प्रवासदर्शिका विकत घेतली, हॉटेलच्या खोलींत बसून ती चाळली व पांच डिव्हिजनांस पांच मोठीं बंदरें वांटून दिलीं, अशी हकीकत युद्धानंतर त्यानेंच सांगितली. (हा बेडेकर लाइप्झिगचा प्रकाशक, आमच्याकडील उपनांवाशीं त्याचा संबंध नाहीं.)

हकीकत चटकदार आहे, म्हणूनच ती पारखून घेणें अवश्य. साक्षीदार एकच, आणि तोही शत्रूच्या बंदिवासांत जबानी देणारा. स्वारीचा बेत आपल्या गळ्यांत अकस्मात् पडला असें दाखविण्यांत त्याचें हित होतें. शिवाय त्याच महिन्याच्या आरंभापासून नौदलाचा कॅप्टन क्रांके याच्या हाताखालीं एक लहानसें मंडळ याच विषयाचा अभ्यास करीत होतें. अर्थात् बेडेकरमधून स्वारी निघाली असें म्हणतां येत नाहीं. तथापि सेनापतीची पहिली आंखणी त्या पुस्तकावरून झाली, हें आम्हांस अशक्य वाटत नाहीं. बंदरें, रेलमार्ग, अंतरें, शहरांचे आराखडे हें सर्व प्रवाशाकरितां छापलेलें असतें, आणि सैन्यासही प्रथम तेंच लागतें.

पण प्रवाशास जें दाखवीत नाहींत तें दर्शिकेंत कोठून येणार? ९ एप्रिलच्या पहांटे ‘ब्ल्यूखर’ ही युद्धनौका ओस्लोच्या फ्योर्डांत शिरली. ऑस्कर्सबोर्ग किल्ल्यावरील क्रुपच्या जुनाट तोफांनीं तिला पेटविलें आणि खडकांत दडविलेल्या टॉर्पेडोच्या ठाण्यानें बुडविलें. या ठाण्याचा जर्मन हेरखात्यासही पत्ता नव्हता. तेवढ्या अवधींत राजा हाकोन व मंत्रिमंडळ राजधानींतून निसटलें.

पुढें १९४२ सालीं, ल्यूबेकवरील ब्रिटिश हल्ल्यानंतर, एक्सेटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क, कँटरबरी या शहरांवर जर्मनांनीं बाँब टाकले, त्यांसही ‘बेडेकर हल्ले’ हें नांव पडलें. दर्शिकेंत तीन तारे मिळालेली प्रत्येक इमारत पाडूं, अशी वल्गना जर्मन परराष्ट्रखात्याच्या एका अधिकाऱ्यानें केली होती. बेडेकर दोनांहून अधिक तारे कोणासच देत नसे; तेव्हां बोलणाऱ्यानें तें पुस्तक उघडून पाहिलें होतें, असें दिसत नाहीं.