जोशी वतन

जोशी वतन : गावात पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, पत्रिका मांडणे आणि लग्न-मुंजीपासून श्राद्धापर्यंतची धर्मकृत्ये चालवणे यांचा वंशपरंपरागत हक्क, आणि त्या हक्काचे उत्पन्न. हे वतन ज्या ब्राह्मण घराण्याकडे असे त्याला ग्रामजोशी म्हणत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांच्याबरोबर जोशाचीही गणना बलुतेदारांत होई. सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याची रास पडली की त्याच्या वाट्याचे बलुते निघे. कार्याची दक्षिणा वेगळी. धर्मावरची श्रद्धा आणि पोटाचा व्यवहार एकमेकांत किती मुरू शकतात, हे महाराष्ट्रात या वतनाइतके उघडपणे क्वचितच दिसते.

वतन ही मालमत्ता होती. भाऊ वेगळे झाले की शेताप्रमाणे त्याचीही वाटणी होई. कुणाकडे अमुक घरे, कुणाकडे तमुक वाडी, किंवा एकेका वर्षाची पाळी. वतन गहाण पडे, विकलेही जाई. यजमानाला यात विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वाटणीला निघालेली मालमत्ता म्हणजे त्याच्याच घरची लग्ने आणि श्राद्धे. ‘आपल्या लग्नाला जोशी लागतो’ ही कुणब्याची समजूत आणि ‘या घरावर माझा हक्क आहे’ हा जोशाचा दावा, असे एकाच गोष्टीचे दोन काठ झाले.

जोशाचे महत्त्व नुसते मंत्रांवर उभे नव्हते, ते वेळेवर उभे होते. लग्नघरी पाण्याने भरलेल्या भांड्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे झाली. घड्याळ नसलेल्या गावात लग्नाची घटका फक्त जोशी जाणे. अंतरपाट कधी दूर करायचा, अक्षता कधी टाकायच्या, हे तो सांगे तेव्हाच होई. गणपत कृष्णाजी यांनी 1841 साली मुंबईत मराठी पंचांग छापले, तेव्हा या ज्ञानाची पहिली गाठ सुटली. छापील पोथीच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक तिला शिवत नसत, यावर उपाय म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरल्याचे सांगतात. तरीही पंचांग वाचता येणारा माणूस गावात बहुतेक जोशीच असे, त्यामुळे लगेच फारसे बदलले नाही.

अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बाबतीत हितसंबंधाची रेघ अधिक स्पष्ट दिसते. अनेक ठिकाणी ग्रामजोशी महारांच्या मांडवात पाऊल टाकत नसे, पण लांब उभा राहून मुहूर्त सांगे आणि दक्षिणा घेई. विटाळ माणसाच्या सावलीला होता, नाण्याला नव्हता.

इंग्रजी अमदानीत हा हक्क कोर्टात गेला आणि आणखी घट्ट झाला. यजमानाने दुसरा भटजी बोलावून कार्य उरकले, तरी बुडालेली दक्षिणा ग्रामजोशाला मिळावी, असे निकाल मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी दिले. न केलेल्या कामाचा मोबदला असा कायदेशीर ठरला.

जोतीराव फुले यांनी ‘ब्राह्मणांचे कसब’ (1869) या पुस्तकात याच व्यवहारावर बोट ठेवले. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला भटजीशिवाय पहिले सत्यशोधक लग्न लागले. फुल्यांचा शब्द ‘कसब’ असला, तरी प्रत्येक जोशी जाणूनबुजून फसवत होता असे मानण्याचे कारण नाही. अनेक ग्रामजोशी गरीब होते, आणि आपण नसलो तर मुलीचे लग्न अशुभ होईल असे त्यांना मनापासून वाटे. ज्या समजुतीवर चूल पेटते ती समजूत माणूस तपासून पाहत नाही. लबाडीपेक्षा हे अधिक टिकाऊ असते, म्हणूनच अधिक घातकही.

यजमानाचा स्वार्थही विसरता येत नाही. ब्राह्मणाच्या हातून कार्य झाले की भावकीत मान राही. ते टाळले की पुढच्या मुलीला स्थळ मिळेल का, ही धास्ती. एकट्या घराला ग्रामजोशी सोडणे म्हणूनच अवघड होते, पुरेशी घरे मिळून सोडत तेव्हाच ते निभे. जुन्नर तालुक्यातील ओतूर इथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी सत्यशोधक पद्धतीने लग्न लावले, तेव्हा जोशांनी दावा लावला. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1890च्या सुमारास निकाल पाटलांच्या बाजूने लागला. पुरोहितच न बोलावता लग्न लावले तर ग्रामजोशाला मागायला जागा उरली नाही. दुसरा पुरोहित बोलावणाऱ्यांवरचा बोजा मात्र तसाच राहिला.

पुढे ब्राह्मण पुरोहिताविरुद्धच्या या चळवळीतही हितसंबंधाने वळण घेतले. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात तिथले राजे शाहू महाराज यांच्यासाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र म्हणायला त्यांचे पुरोहित राजोपाध्ये तयार झाले नाहीत आणि 1902 साली त्यांचे इनाम जप्त झाले. 1911 साली कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा निघाली. 1920 साली मराठा पुरोहित तयार करण्यासाठी श्री शिवाजी वैदिक विद्यालय सुरू झाले. मध्यस्थ नको, हा फुल्यांचा आग्रह होता. क्षत्रिय म्हणून मान मिळवू पाहणाऱ्या मराठा घराण्यांना मात्र मध्यस्थ हवाच होता, फक्त तो आपला हवा होता. वेदोक्ताचा अधिकार मागणाऱ्या या घराण्यांपैकी अनेकांनी तो खालच्या जातींना देण्याचा विषयही काढला नाही. शाहू महाराज स्वतः त्याच्या पुष्कळ पुढे गेले होते, हे इथे नोंदवणे न्यायाचे आहे.

वतनाचा आर्थिक कणा मोडला तो सीताराम केशव बोले यांच्या विधेयकाने. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा 1923चा मुंबई कायदे मंडळातला ठरावही याच बोल्यांचा. जोशी बिल म्हणून ओळखल्या गेलेल्या या विधेयकाचा 1926 साली कायदा झाला. ज्याला बोलावले नाही आणि ज्याने कार्य केले नाही, त्या पुरोहिताला दक्षिणा मागण्याचा हक्क उरला नाही. लोकांच्या श्रद्धेला या कायद्याने हात लावला नाही. मुहूर्त राहिले, मंगलाष्टके राहिली, कितीतरी गावांत बोलावणेही त्याच जोशांच्या घरी जात राहिले. आपल्याच ग्रामजोशाशिवाय लग्न अधुरे, ही समजूत मात्र हळूहळू विरली. तिच्यामागे वसुलीचा दावा होता तोवरच ती धर्म म्हणून उभी होती.