घाणीची कुळकथा

१३२६ साली लंडनमध्ये रिचर्ड नावाचा एक कामगार आपल्याच शौचकुपात पडून मेला. बसायच्या फळ्या कुजलेल्या होत्या. त्या मोडल्या आणि गडी थेट खाली. चौकशीच्या कागदांत त्याची नोंद ‘रिचर्ड द रेकर’ अशी आहे. रेकर म्हणजे दाताळ्याने रस्त्यावरची घाण ओढणारा. खड्ड्यांतला मैला रात्री उपसणारे वेगळे, त्यांना ‘गाँगफार्मर’ म्हणत. यात शेतीचा काही संबंध नाही. ‘गाँग’च्या मागे जुन्या इंग्रजीतला ‘जाणे’ या अर्थाचा शब्द आहे. आपले ‘परसाकडे जाणे’ तशाच आडपडद्याचे. आणि ‘फार्म’च्या मागे आहे ‘फेओर्मिअन’, म्हणजे घासून साफ करणे.

इंग्रजीतले घाणीचे जुने शब्द असेच हाताला चिकटणारे आहेत. पापाची, विटाळाची छटा त्यांना लाभली ती मुख्यतः धर्मग्रंथांमुळे. मूळ माल गोठ्यातला, भट्टीतला, जखमेतला.

‘फूल’ हा शब्द घ्या. मराठी वाचकाने दचकू नये, पण अँग्लो-सॅक्सन माणूस कुजून वास मारणाऱ्या वस्तूला फूल म्हणत असे. त्याच्यापासून ‘फिल्थ’ निघाला आणि खो-खोच्या मैदानावर पंच ओरडतो तो ‘फाउल’ही. संस्कृतात कुजक्याला ‘पूति’ म्हणतात, आणि जखमेतल्या ‘पू’चे घराणे तेच. मूळचा ‘प’ जर्मानिक भाषांत ‘फ’ झाला. पितृ आणि फादर, पाद आणि फूट ही जोड्यांची उदाहरणे शाळेतही सांगतात. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये या बदलाचा नियम मांडला. परीकथा गोळा करणारा तोच हा ग्रिम.

‘डर्ट’ मात्र घरचा नव्हे. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक आधी लुटायला आणि मग नांगर धरायला इंग्लंडात आले, त्यांच्या बोलीतला ‘ड्रिट’ म्हणजे सरळ विष्ठा. पुढे बोलताना ‘र’ जागा सोडून मागे सरकला आणि ‘डर्ट’ झाला. ‘नुकसान’चे ‘नुसकान’ करणाऱ्यांना यात नवल वाटू नये. अर्थही पुढे सौम्य झाला आणि साधी मातीसुद्धा डर्ट ठरली.

सगळ्यांत गमतीची कथा ‘अ‍ॅडल’ची. त्याच्या मागे आहे जुन्या इंग्रजीतला ‘अडेला’, म्हणजे साचलेली पातळ घाण. नासलेल्या अंड्याला हा शब्द चिकटला तो एका जुन्या गफलतीने. ग्रीक लोक न फळलेल्या अंड्याला ‘वाऱ्याचे अंडे’ म्हणत. ग्रीकमध्ये वाऱ्याचा तो शब्द आणि मूत्राचा शब्द जवळजवळ सारखे, त्यामुळे लॅटिनमध्ये ते ‘मुताचे अंडे’ झाले. इंग्रजांनी इमानाने त्याचेच भाषांतर केले, आणि पुढे डोके फिरलेल्या माणसालाही ‘अ‍ॅडल्ड’ म्हणू लागले.

उलटा प्रवासही झाला. व्हिक्टोरियन लंडनमध्ये चक्क ‘प्युअर’ हे एका घाणीचे नाव होते: कुत्र्याची विष्ठा. कातडे चुन्यात मुरवून केस काढले की ते ताठरते. त्यातला चुना जाऊन ते मऊ व्हावे म्हणून ही विष्ठा चोळत. शुद्ध करते म्हणून ती शुद्ध! बर्मंडसीचे कातडी कमावणारे ती बादलीच्या मापाने विकत घेत. पत्रकार हेन्री मेह्यूने १८५१ च्या सुमारास ही विष्ठा वेचणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत म्हाताऱ्या बायकाही होत्या. वाळकी, चुनखडीसारखी विष्ठा सर्वांत महाग. म्हणून काही लबाड माणसे जुन्या भिंतींचा गिलावा त्यात मिसळत. म्हणजे अशुद्धातही भेसळ होत होती, आणि तिला गिऱ्हाईकही मिळत होते.

हा धंदा मोडला तो रसायनशास्त्राने. विष्ठेतले काम विकरे करतात हे ओळखून जर्मनीच्या ओटो र्‍योमने जनावरांच्या स्वादुपिंडातल्या विकरांपासून पर्यायी द्रव्य तयार केले. ते विकण्यासाठी त्याने १९०७ मध्ये ओटो हासबरोबर कंपनी काढली.